व्हर्च्युअल पियानो निवडताना: सॅम्पल की मॉडेलिंग?

डेमो ऐकून पियानो सॉफ्टवेअर, म्हणजे कीबोर्ड जोडून कॉम्प्युटरवर वाजवायचा पियानो, निवडू नका. डेमो वाजवणारे हात तयारीचे असतात आणि त्यावर मिक्सिंगचा हातही फिरलेला असतो. तुम्हाला सॉफ्टवेअर रोज वाजवायला हवंय की रेकॉर्डिंगला, हे आधी ठरवा.

एका बाजूला सॅम्पल लायब्ररी. खऱ्या पियानोची पट्टीन् पट्टी हळू ते जोरात अशा अनेक थरांत रेकॉर्ड केलेली असते. गॅरिटनचा सीएफएक्स म्हणजे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड केलेला यामाहाचा कॉन्सर्ट ग्रँड. पूर्ण आवृत्ती १०० जीबीच्या वर जाते, त्यामुळे एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच. पण एक सूर लावला की त्यामागचा हॉलही ऐकू येतो. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा नोआर मऊ, जवळून ऐकल्यासारखा. त्याची फेल्ट (तारांवर मऊ कापड) लावलेली आवृत्ती पार्श्वसंगीताला फार शोभते. कीस्केप ७७ जीबीचा, पण त्यात ऱ्होड्स, वुर्लिट्झरसारखे इलेक्ट्रिक पियानोही येतात. ते लागणार नसतील तर तो घेऊ नका.

दुसऱ्या बाजूला मोडार्ट या फ्रेंच कंपनीचा पियानोटेक. २००६ साली आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये पियानोचे नमुने नाहीतच. हातोडीचा आघात, तारांचं कंपन, साउंडबोर्डचा घुमार हे सगळं वाजवताना गणिताने तयार होतं, यालाच मॉडेलिंग म्हणतात. म्हणून आकार जेमतेम ५० एमबीच्या आसपास. रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवरही चालतो.

फरक बोटांना कळतो. मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटरच्या संवादाच्या भाषेत, आघाताच्या १२७ पायऱ्या असतात. सॅम्पलमध्ये थर मोजकेच, मधली जागा सॉफ्टवेअर भरून काढतं. पियानोटेकमध्ये ती जागा भरावी लागत नाही, आवाज आघातासोबत सलग बदलतो. हाफ पेडलही (पेडल अर्धवट दाबणं) तिथे जास्त स्वाभाविक वाटतं. मात्र त्यासाठी पेडल सलग मूल्यं पाठवणारं हवं. नुसतं चालू-बंद होणारं असेल तर हा फायदा मिळणारच नाही.

एक चाचणी जरूर करा. कीबोर्डच्या मध्यावरची सी पट्टी आवाज न होऊ देता दाबून धरा. तिच्या खालच्या सप्तकातली सी जोरात वाजवून लगेच सोडा. खऱ्या पियानोत धरलेली तार मागे घुमत राहते. पियानोटेकमध्ये हे होतं. सॅम्पल लायब्ररींत काही ते चांगलं साधतात, काहींत काहीच ऐकू येत नाही.

पियानोटेकची उणीव आवाजाच्या रंगात आहे. वरच्या सप्तकांत तो मला अजूनही थोडा काचेरी वाटतो, आणि एकट्या पियानोच्या रेकॉर्डिंगला मी सीएफएक्सच निवडेन. रियाजाला मात्र पियानोटेक, निःशंकपणे. तासभर वाजवताना आवाजाच्या श्रीमंतीपेक्षा बोटांना मिळणारा प्रतिसाद महत्त्वाचा.

खर्च करायचाच नसेल तर सॅलामँडर ग्रँड घ्या. यामाहा सी५चे १६ थर, पूर्ण मोफत. दर तिसऱ्या पट्टीचाच नमुना घेतलेला असला तरी सुरुवातीला तो उत्तम आहे. पियानोटेकची चाचणी आवृत्तीही मोफत मिळते. तिच्यात काही पट्ट्या मुक्या असतात आणि ती २० मिनिटांनी थांबते, पण वरची चाचणी करायला तेवढं पुरतं.

कोणतंही घ्या, पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येऊ नये म्हणून ऑडिओ सेटिंगमधला बफर १२८ सॅम्पलवर ठेवून पाहा, आणि विंडोजवर त्याचसाठी असिओ (ASIO) हा ऑडिओ ड्रायव्हर वापरा. मग व्हेलॉसिटी कर्व्ह (किती जोरात दाबल्यावर किती मोठा आवाज, हे ठरवणारी सेटिंग) आपल्या कीबोर्डला जुळवा. ती जुळल्याशिवाय कुठल्याच पियानोला नावं ठेवू नका.