पीएमपी परीक्षेच्या नावाखाली ६२ हजार गेले, सोलापूरकरांनो फॉर्म स्वतः भरा

मी सिव्हिलवाला, सहा वर्षं साइटवर काढली, पुण्याच्या कंपन्यांत प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेला पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) सर्टिफिकेट मागतात म्हणून मागच्या वर्षी परीक्षा द्यायचं ठरवलं. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर क्लास होता, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. तिथले सर बोलायला एकदम गोड, "तुम्ही फक्त अभ्यास करा, फॉर्म, फी, तारीख सगळं आमच्याकडं लागलं, पास नाही झालात तर पैसे परत." एकूण ६२ हजार, परीक्षेची फी धरून. बायकोने त्या महिन्याची भिशी उचलली आणि मी दोन हप्त्यांत यूपीआय केलं, तेही क्लासच्या खात्यावर नाही, सरांनी दिलेल्या तिसऱ्याच माणसाच्या नंबरवर. तिथंच थांबायला पाहिजे होतं.

क्लास पाच रविवार झाला, तीन-तीन तास. फॉर्मला ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं तर सर्टिफिकेट ३५ तासांचंच छापून दिलं, विचारलं तर म्हणे सगळीकडं असंच चालतं. ६१ टक्क्याला पास असं फळ्यावर लिहून दाखवलेलं, आणि पीएमआय, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, पासिंगचा आकडा जाहीरच करत नाही हे मला फार उशिरा कळलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पीएमआयच्या साइटवरचं अकाउंट, जिथून फॉर्म भरायचा असतो. त्यांनीच काढलं, त्यांच्याच ईमेलवर, आणि पासवर्ड मागितला की "परीक्षा झाल्यावर देतो की, आत्ता कशाला पाहिजे?" मग एक पीडीएफ आली, पुण्याचं सेंटर, दुपारी एकची वेळ. १८० प्रश्न, २३० मिनिटं, मी घरी घड्याळ लावून तीनदा सराव केला होता. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. सेंटरवरच्या ताईंनी कागद बघितला, कॉम्प्युटरवर बघितलं, परत आधार कार्ड मागितलं, परत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या नावाचं बुकिंगच नाहीये." त्यांनीच मला कागदावर बोट ठेवून दाखवलं की माझ्या नावाची अक्षरं बाकीच्यापेक्षा जाड आहेत आणि तारखेपुढं शनिवार लिहिलंय, त्या दिवशी शुक्रवार होता. तिथूनच सरांना फोन लावला, पहिल्यांदा सर्व्हर प्रॉब्लेम म्हणाले, नंतर फोन बंद तो बंदच.

पीएमआयला ओळखपत्र पाठवून मेल केला तेव्हा अकाउंट हातात आलं. फी भरलेलीच नव्हती. फॉर्म अर्धवट होता पण अनुभवाच्या रकान्यात दुबईचा एक प्रोजेक्ट आणि मी जन्मात नाव न ऐकलेला मॅनेजर! डिग्रीवाल्याला ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, माझा खरा अनुभव त्याच्या दुप्पट होता, खोटं लिहायची गरजच नव्हती. पीएमआय काही अर्ज ऑडिटला, म्हणजे तपासणीला, काढतं, मग डिग्री, ट्रेनिंगचे कागद आणि त्या मॅनेजरची सही ९० दिवसांत द्यावी लागते. तो फॉर्म गेला असता आणि ऑडिटला लागला असता तर खोटारडा मी ठरलो असतो, ते सर नाही. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे जाऊन अडीच महिने झालेले, इतक्या दिवसांनी ते समोरच्या खात्यात कुठले राहतात. कुणाला शंका आली तर त्याच तासाला फोन करा, उद्यावर टाकू नका. अकाउंट स्वतःच्या ईमेलवर काढा, परीक्षेची फी तिथंच स्वतःच्या कार्डाने भरा, तारीख आली की आपल्या लॉगिनला उघडून बघा, क्लासला पैसे द्यायचे ते फक्त शिकवण्याचे.

सात रस्त्याच्या त्या जागेला आता कुलूप आहे. आमच्या बॅचमधल्या चौघांनी मिळून स्टेटमेंट काढलीत, चौघांचेही पैसे त्याच एका नंबरवर गेलेत. अजून कुणी तिथं भरले असतील तर यूपीआयची पावती आणि ती पीडीएफ डिलीट करू नका, तक्रार द्या आणि मला मेसेज करा, तपास अधिकाऱ्यांना सगळं एकत्र द्यायचंय.