पॉलिसी नंबर सांगणारा माणूस कंपनीचाच असतो, असं समजू नका

माझे ५५,८६० रुपये गेले. आधी ४,७२०, मग १८,६४०, मग ३२,५००. आकडे मुद्दाम पूर्ण लिहितेय. "थोडेफार गेले" असं सांगितलं की ऐकणारा "लोभ नडला" म्हणतो आणि विषय संपवतो. लोभाचा इथे संबंध नाही. विमा कंपनीतून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, फाइल चार्ज भरा, मग टीडीएस भरा, मग एनओसी (ना हरकत दाखला), हा फोनवरचा प्रकार सगळ्यांना पाठ आहे. मलाही होता. ऑफिसात असे फोन आले की उचलू नका म्हणून सांगणारी मीच. तरी मी पैसे भरले, कारण फोनवरच्या माणसाकडे माझी माहिती होती. दुसरं कारण नाही.

मी हिशेबाचं काम करते. फोन आला तेव्हा मार्च संपत आला होता, समोर वर्षअखेरीच्या कामाचा ढीग पडलेला. स्वच्छ मराठी, आवाजात कुठे घाई नाही. त्याने मला काहीही विचारलं नाही, आणि हेच मला आजही डाचतं. आपण सगळे ओटीपी विचारणाऱ्या, कार्डाचा नंबर विचारणाऱ्या माणसाला ओळखायला शिकलोय. हा विचारत नव्हता, सांगत होता. पॉलिसी नंबर, कधी काढली ते वर्ष, हप्त्याची तारीख, विम्याची रक्कम, माझी जन्मतारीख, जुना पत्ता. आणि मग म्हणाला, "नॉमिनीत अंगहा मॅडमचं नाव दिसतंय, बरोबर?"

माझ्या बहिणीचं नाव अनघा. पॉलिसीच्या बाँडवर इंग्रजी अक्षरं मागेपुढे झाली आणि ते "अंगहा" असं छापलं गेलं. दुरुस्ती करायची म्हणत राहून गेली. तिच्या आधारवर, पॅनवर, बँकेत, सगळीकडे अनघाच आहे. हे चुकीचं नाव एकाच ठिकाणी आहे: त्या कंपनीच्या नोंदीत. आता सांगा, समोरचा माणूस ती चूक जशीच्या तशी वाचून दाखवतो, तर तो कंपनीचा नाही असं कुणाच्या मनात येईल? वर मीच त्याला म्हटलं, "अहो ते अनघा आहे, तेवढं दुरुस्त करा." तो म्हणाला, "करून घेतो मॅडम, नोंद केली."

पॉलिसीवर १,८६,४०० रुपये बोनस जमा आहे, ३१ मार्चच्या आत फाइल पुढे गेली नाही तर पुढच्या वर्षात ढकलली जाईल, असं त्याचं म्हणणं. आमच्या धंद्यात ३१ मार्च म्हटलं की कुणी प्रश्न विचारत नाही. फाइल चार्ज ४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२०, म्हणजे ४,७२०. आकडा बरोबर जुळत होता, लेटरहेडवर पावतीही आली.

दुसऱ्या वेळी त्याने १० टक्के टीडीएस मागितला, १८,६४० रुपये. टीडीएस पैसे देणारा कापून घेतो आणि उरलेले हातात देतो. घेणाऱ्याकडून तो आधी भरून घेत नाहीत. हे मी रोज करते, झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि त्याहून वाईट म्हणजे यूपीआयची ती स्क्रीन. पिन टाकायच्या आधी पैसे कुणाला जाणार त्याचं नाव येतं, ते बँकेत नोंदलेलं नाव असतं. तिथे विमा कंपनीचं नाव नव्हतं. कुठल्याशा एंटरप्रायझेसचं होतं. मला ते दिसलं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, वसुली आउटसोर्स केलेली असते, तुमच्या ऑफिसात नसते का?" असते. पिन टाकण्यापूर्वीचे ते चार-पाच सेकंद माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. पण त्याच्या आधी दहा मिनिटं तो माणूस माझं अर्धं आयुष्य अचूक वाचून दाखवत होता. एक नाव जुळत नाही म्हणून बाकी सगळं जुळलेलं खोटं ठरवायला जे लागतं, ते त्या क्षणी कुणाकडेही नसतं. हा हिशेब त्याने केलेला होता.

तिसरी मागणी माझ्याच बोलण्यातून काढली. नॉमिनीचं नाव आधारशी जुळत नाही, मॅडम, एनओसी लागेल, परत मिळणारी अनामत ३२,५००. चौथ्यांदा ४९,००० मागितले तेव्हा मी बाँडवर छापलेला कस्टमर केअरचा नंबर लावला. तिथून कळलं की माझा बोनस पॉलिसीची मुदत संपल्यावरच मिळणार आहे आणि असा कुठलाही विभाग नाही. आलेल्या फोनवरच्या माणसाशी बोलत बसू नका. फोन ठेवा आणि बाँडवर, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा. गूगलवर शोधलेल्या नंबरावर नको, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदली, पोचक्रमांक आला. हे मात्र करायचंच आणि तासाभरात करायचं, कारण पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात पळत असतात. माझे ६,३१५ रुपये पुढच्या एका खात्यात रोखले गेले. बाकीचे निघून गेले होते.

मग बँक. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून घेऊन गेले होते. तुमची चूक नसताना तिसऱ्याच्या गडबडीमुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा नाही, असं त्यात आहे. शाखेतल्या अधिकाऱ्याने कागद उचललासुद्धा नाही. "मॅडम, पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत झाला." म्हणजे चोराने खिसा कापला तर चोरी, आणि खोटी ओळख दाखवून माझ्याच हाताने पैसे काढायला लावले तर तो माझा राजीखुशीचा व्यवहार. ज्या एंटरप्रायझेसच्या खात्यात पैसे गेले ते खातं केवायसी करून कुणीतरी उघडून दिलंच ना? माझ्याकडे दर थोड्या दिवसांनी केवायसीचे कागद मागता, त्या खात्याचे कुणी पाहिले होते? या प्रश्नावर "वरती कळवतो".

पोलिस ठाण्यात तर "ताई, पोर्टलवर केलीत ना तक्रार? मग झालं." नाही झालं. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तोतयागिरीला माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचं ६६ड आहे. मी कलमं लिहून नेली होती. तर म्हणे, आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टर दर्जाचाच अधिकारी करतो आणि साहेब बंदोबस्तावर आहेत. नंतर म्हणे, पैसे दुसऱ्या राज्यातल्या खात्यात गेलेत, आमची हद्द नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, कलम १७३. हे मी त्यांना सांगायचं? रोखलेल्या ६,३१५ साठी कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची फी त्याहून जास्त होते. "अंगहा" हा पुरावा आहे, माहिती कुठून फुटली ते यावरून शोधता येईल, असं मी परोपरीने सांगितलं. हवालदारांनी बाँड पाहिला, म्हणाले, "टायपिंगची चूक आहे, त्याचं काय?" जबाबात ते लिहून घ्यायलाही तयार नव्हते. मी अडून बसले तेव्हा एक ओळ लिहिली. तुम्ही गेलात तर बोलून येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

आणि कंपनी. मी एवढंच विचारलं होतं: माझी नोंद कुणी-कुणी उघडली, कुठल्या एजंटला, कॉल सेंटरला, मेसेज पाठवणाऱ्या कुठल्या ठेकेदाराला दिली, याची यादी द्या. उत्तर आलं की आम्ही ग्राहकांच्या गोपनीयतेबाबत अत्यंत जागरूक आहोत, आणि चौकशी पुढे न्यायची असल्यास ओळख पटवण्यासाठी आधारची प्रत आणि रद्द केलेला चेक पाठवा. माझी माहिती सांभाळली नाही, आणि त्याबद्दल विचारलं तर आणखी माहिती मागतात! मी फक्त मास्क केलेलं आधार पाठवलं. तुम्हाला पाठवायचंच झालं तर तेच पाठवा: शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

लोक मला म्हणतात, "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" माझ्याकडे तरी काय होतं? एक पॉलिसी, एक जन्मतारीख, एक बहीण. यात गुपित काहीच नाही. गुपित नसलेल्या दहा गोष्टी एका जागी गोळा झाल्या की त्यातून एक खोटा माणूस उभा करता येतो, आणि तो मला खऱ्या माणसापेक्षा खरा वाटतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, नॉमिनी, हे काय बदलणार? मे २०२१ मध्ये एअर इंडियाने सांगितलं की ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली, त्यात नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील होते. २०२४ मध्ये एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांचे कागद टेलिग्रामवरच्या चॅटबॉटकडून मागून मिळत होते. माझी कंपनी ती नव्हे, पण तेव्हा ती बातमी मी वाचून सोडून दिली होती, जशी तुम्ही दिली असेल.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्यानंतर वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा यायला ऑगस्ट २०२३ उजाडला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. जिची माहिती फुटली तिला त्यातला एक रुपयासुद्धा नाही. आयटी कायद्याच्या ४३अ कलमात कंपनीकडून भरपाई मागायची सोय होती, हा नवा कायदा ते कलमच काढून टाकतो. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याचं ठरलं तर तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. कायदा कुणाच्या बाजूने बसून लिहिला, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात, तो देऊ नका. नंबराची सक्ती करू नका असं ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. हप्त्यांची तुलना करून देणाऱ्या साइटवर "पुढे जा" दाबण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा: डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत असं सांगणाऱ्यांच्या यादीत, नाव असलं तरी आमचे भागीदार तुम्हाला फोन करू शकतील, याला तुम्ही संमती देत असता. टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? नाही म्हणा. बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत, साध्या दहा आकडी मोबाइलवरून "विमा विभाग" बोलला तर फोन ठेवा. विमा नियामक, म्हणजे इर्डाई, कुणाला बोनस वाटत नाही आणि कुणाकडून अनामत घेत नाही. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर पाहा. आणि बाँडचा, आधारचा फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, घरच्या ग्रुपवरही नाही.

एक गोष्ट राहिली, आणि फसलेल्यांनी ती नीट वाचावी. एकदा फसलेल्यांची वेगळी यादी होते. परवा फोन आला, सायबर रिकव्हरी सेलमधून बोलतोय, तुमचे ५५,८६० परत मिळवून देतो, नोंदणी फी २,९९९. रकमेत एका रुपयाचीही चूक नाही. आणि बहिणीचं नाव या वेळी बरोबर घेतलं, अनघा. म्हणजे मी सांगितलेली ती दुरुस्ती त्यांच्या वहीत झाली होती. कंपनीच्या नोंदीत आजही अंगहाच आहे. मी त्याला एक शब्दही न बोलता फोन ठेवला, तो नंबर संचार साथीवरच्या चक्षू या संशयित फोन कळवायच्या सोयीवर नोंदवला आणि अनघाला लगेच सांगितलं की माझं नाव घेऊन कुणी फोन केला तर आधी मला विचार. पैसे परत मिळवून द्यायची फी मागणारा कुठल्याच सरकारी खात्यात नाही. नंबर तुम्हीही नोंदवा.