दिवा चांगला, पण रोपं वाचवली वजनकाट्याने

घरात दिव्याखाली रोपं वाढवण्याचा संच घेऊन आठ महिने झाले. खोक्यात पांढऱ्या उजेडाचा एलईडी पॅनेल, टायमर, झाकणाचा ट्रे, ट्रेखाली ठेवायची गरम होणारी चटई, पीएच (पाण्याचा आंबटपणा) आणि ईसी (पाण्याची वीजवाहकता, तिच्यावरून विरघळलेलं खत आणि क्षार कळतात) मोजायची दोन पेनं, कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) विटा आणि द्रव खताच्या दोन बाटल्या होत्या. टोमॅटो, मिरची आणि बेसिल अशा आतापर्यंत चार खेपा लावल्या. पहिलीतली बरीच रोपं गेली, दुसरी मरता मरता वाचली. तिसरीपासून हात बसला. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं दिव्याचं कौतुक केलं असतं.

आधी दिव्याचंच सांगतो. खोक्यावर 1000 वॅट छापलं आहे, पण प्लगला मीटर लावून पाहिलं तर तो ओढतो 98 वॅट. त्यात फसवणूक झाल्यासारखं वाटलं, तरी रोपांना 98 वॅट पुष्कळ होतात. चुकलं माझं, मी तो दोन फुटांवर टांगला. चौथ्या दिवशी टोमॅटोची रोपं दोऱ्यासारखी उंच आणि बारीक होऊन एका बाजूला लवली. फोनमधल्या लक्स (उजेडाचं माप) मोजणाऱ्या अ‍ॅपने बघितलं तर रोपांच्या उंचीवर जेमतेम 4,000 लक्स. पांढऱ्या एलईडीसाठी ढोबळ हिशेब असा की साधारण 68 लक्स म्हणजे 1 मायक्रोमोल (रोपाच्या कामाचा उजेड मोजायचं माप, दर चौरस मीटरला दर सेकंदाला), आणि कोवळ्या रोपांना 200 च्या आसपास मायक्रोमोल हवेत, म्हणजे 13,000 ते 14,000 लक्स. रोज 16 तास दिवा चालला की दिवसाची बेरीज साडेअकरा मोल (1 मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) होते, तेवढ्यात रोप बुटकं आणि दणकट राहतं. फोनचा आकडा काही अचूक नसतो, पण 4,000 आणि 13,000 यातला फरक त्याला नक्की कळतो.

लवलेले टोमॅटो वाचले, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं की तिथून नवी मुळं फुटतात. खालच्या पानांपर्यंत गाडून टाकले. बेसिलला तोच उपाय केला आणि तो अंगाशी आला. ओल्या कोकोपीटमध्ये कोवळं खोड जमिनीलगत करकोचल्यासारखं बारीक झालं आणि एका रात्रीत सगळी रोपं आडवी. हा रोपं कोलमडण्याचा रोग, पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवामुळे किंवा रायझोक्टोनियासारख्या बुरशीमुळे होतो. खोड एकदा पिचलं की ते रोप गेलं. शेजारच्या रोपांसाठी मात्र करण्यासारखं बरंच असतं. झाकण काढलं, छोटा पंखा लावला, पाणी वरून न देता ट्रेमध्ये खालून द्यायला लागलो आणि वरचा थर कोरडा पडू दिला. पसरणं तिथेच थांबलं. संचातलं झाकण बी उगवेपर्यंतच ठेवायचं, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेत खरी शाळा भरली. तिसऱ्या आठवड्यात मिरचीची शेंड्याकडची पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्या. पिवळं पान दिसलं की खत वाढवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. वाढवलं. पानांची टोकं करपली, पिवळेपणा तसाच. मग पानं कुठली पिवळी होताहेत ते पाहायला शिकलो. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम रोपाच्या आत फिरू शकतात, त्यामुळे त्यांची टंचाई झाली की रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं आणि आधी खालची पानं पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम तसं फिरत नाहीत, म्हणून त्यांची ओढ शेंड्याला दिसते. माझी मिरची लोहासाठी रडत होती, आणि खताच्या बाटलीत लोह होतं. मग ते रोपाला का मिळत नव्हतं?

उत्तर पीएचच्या पेनात होतं. मी रोज पाणी 6.0 वर आणून देत होतो. बफरचं, म्हणजे पीएच आधीच पक्का ठरलेलं, द्रावण मागवलं आणि 6.86 च्या द्रावणात पेन बुडवलं, तर ते 5.9 दाखवतं! म्हणजे मी 6.0 समजून दिलेलं पाणी प्रत्यक्षात 7 च्या घरात होतं, आणि त्या पीएचला लोह मुळांना नीट घेता येत नाही. दोष पेनाचा अर्धाच. टोकाचा काचेचा गोळा ओला ठेवावा लागतो, तोही साठवणीच्या द्रावणात, शुद्ध पाण्यात नाही. मी मात्र ते रोज पुसून कोरडं करून ठेवायचो, चष्मा ठेवावा तसं. आता दर पंधरा दिवसांनी 6.86 आणि 4.00 अशा दोन द्रावणांत तपासतो. बफरच्या पुड्या संचात नाहीत, वेगळ्या घ्याव्या लागल्या, आणि ही मला या संचातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

ईसीच्या पेनाचा गोंधळ वेगळाच. ते पीपीएम (दहा लाख भागांत किती) दाखवतं, माहितीपत्रकातही पीपीएमच दिलंय, पण दोघांचे पीपीएम एक नाहीत. काही कंपन्या 1 ईसी म्हणजे 500 धरतात, काही 700. पत्रकातले 560 पीपीएम म्हणजे 0.8 ईसी होते, माझ्या पेनावर 560 म्हणजे 1.12. लहान रोपांना चाळीस टक्के जास्त खत मी बिनदिक्कत पाजत होतो, आणि वर पुन्हा ‘भूक लागलीय’ म्हणून वाढवत होतो. आता पेन ईसीवरच ठेवलंय आणि पहिले तीन आठवडे 0.5 ते 0.8 च्या पुढे जात नाही.

त्यात भर कोकोपीटची. विटा भिजवून निथळलेल्या पाण्याचा ईसी मोजला, तर 2.4! नारळाच्या भुशात मुळातच पालाश आणि सोडियम जास्त असतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम ती धरून ठेवते. आता प्रत्येक वीट आधी धुऊन घेतो, रात्रभर कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवतो आणि परत धुतो. निथळ 0.6 च्या खाली आली की मग बी.

मिरचीला वाचवलं ते असं: कुंडीतून पातळ खताचं, खरोखर 6.0 पीएचचं पाणी, निथळलेल्या पाण्याचा ईसी वरून दिलेल्या पाण्याच्या जवळपास येईपर्यंत सोडलं आणि मग चार दिवस हात बांधून बसलो. हे बसणंच सगळ्यात अवघड. करपलेली टोकं हिरवी होत नाहीत, म्हणून जुन्या पानाकडे बघून काही कळत नाही, नवं पान कसं निघतंय ते बघायचं. सहाव्या दिवशी शेंड्याला हिरवं पान दिसलं. अठरा रोपांतली चौदा जगली. वहीत नियम लिहून ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पूर्वी मी पाणी, खत, दिवा तिन्ही एकदम हलवायचो आणि रोप सुधारलं तरी कशामुळे ते कळायचं नाही.

तिसऱ्या खेपेत टोमॅटोने मान टाकली. बोटाने वरचा थर कोरडा लागला म्हणून पाणी दिलं, रोप आणखी ढेपाळलं. कुंडी उचलली तर जड! पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि रोप तहानेने मान टाकल्यासारखंच दिसतं. तेव्हापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या टेबलावर आला. माझी अर्धा लिटरची कुंडी पूर्ण भिजल्यावर 430 ग्रॅम भरते, आणि 250 च्या आसपास आली की मी पाणी देतो. त्यानंतर एकही रोप पाण्याने मेलं नाही. चिलटंही याच ओलाव्याने आली होती. पिवळे चिकट सापळे प्रौढांना पकडतात, अळ्या कोकोपीटच्या वरच्या थरात असतात, त्यामुळे सापळा नुसता हिशेब देतो. वरचा थर दर वेळी सुकू दिल्यावर तीन-चार आठवड्यांत त्या गायब झाल्या.

चटईबद्दल थोडंसं. तिला तापमानाचं नियंत्रण नाही. मिरचीचं बी 25 ते 30 अंशांत छान उगवतं, पण ही माझ्या कुंड्यांमध्ये 34 वर गेली. मध्ये जाड पुठ्ठा घातला आणि टायमरवर लावली. उगवल्यावर बंदच ठेवतो.

दिवा आठ महिन्यांत एकदाही बिघडला नाही, पंख्याचा आवाज नाही, फक्त मागची पट्टी गरम होते. टायमर चौथ्या महिन्यात दहा मिनिटं मागे पडायला लागला, तो बदलला. आज घेणार असतो तर दिवा आणि ट्रे हाच घेतला असता, पेन मात्र बफरसकट वेगळं. वजनकाटा आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. घरच्यांनी दुसरा मागवलाय.