डाळीचेच प्रकार वाढवावेत की मसाल्याची नवी लाइन काढावी?

लातुरात छोटी डाळ मिल आहे, पाऊचवर नाव छापून तूरडाळ विकता, आता पसारा वाढवायचाय. मग आधी 'प्रॉडक्ट लाइन' म्हणजे काय ते बघा. साधारण त्याच गिऱ्हाइकाला, त्याच वाटेनं विकला जाणारा, एकमेकांशी नातं असलेला माल. पार्लेची पार्ले-जी, मोनॅको, क्रॅकजॅक ही बिस्किटांची लाइन. मेलडी, मँगो बाइट ही गोळ्यांची दुसरी.

डाळीतच वाढायचं तर तूरडाळीच्या 'फटका', 'सव्वा नंबर' अशा प्रती आहेत, अर्ध्या किलोचा पाऊच आहे, मूग-हरभरा डाळ आहे. मिल तीच, दुकानदार तोच, उधारीची वहीसुद्धा तीच. पण अर्धा किलो काढला की बऱ्याचदा किलोवालाच तिकडं वळतो. खप वाढल्यासारखा दिसतो, गल्ल्यात फरक पडत नाही. शिवाय प्रत्येक पाऊचच्या छपाईचे सिलिंडर वेगळे, तेही रंगागणिक एक. मी हौसेनं पाव किलोचे पाऊच छापून घेतले होते. निम्मे माळ्यावर पडलेत. घरचे त्यात खारोड्या भरून ठेवतात.

मसाल्यात किलोमागं सुटतं जास्त. हळदीला वसमतची बाजारपेठही जवळ. मात्र मसाल्याचा वास डाळ लगेच धरते, म्हणून गोदाम वेगळं लागतं, दळणाची यंत्रं वेगळी, खाद्य परवान्यात नवा प्रकार चढवावा लागतो. आणि आपल्याकडं काळा मसाला, येसर उन्हाळ्यात घरोघरी होतो. इथं पाकीट विकायचं म्हणजे सासूच्या हाताशी टक्कर! ते पाकीट खपेल पुण्यात, नोकरीला गेलेल्या आपल्याच पोरांकडं. पण पुण्यातला वितरक तुमच्या ओळखीचा नाही.

माझं मत विचाराल तर मसाल्याआधी बेसन. हरभरा डाळ घरचीच, दुकानातला खण तोच, चक्की तेवढी नवी. डाळीच्याच लाइनीत धरा किंवा वेगळी म्हणा, गिऱ्हाईक बदलत नाही हे महत्त्वाचं.

आणि दुसरी लाइन तुमच्याकडं आहेच की: चुनी, म्हणजे डाळ करताना निघणारा चुरा-टरफलं, जनावरांचं खाद्य. ती पेंडवाल्याकडं जाते, किराणा दुकानात नाही. गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा. तिचा हिशेब डाळीच्या खात्यातून बाहेर काढा, मग बेसनाच्या चक्कीला पैसा कुठून येईल ते कळेल.