पंक्चर एक, पैसे चारचे: कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावर जाणाऱ्यांनी वाचा

मागच्या महिन्यात आईला गुडघे दाखवायला कोल्हापूरला नेलं होतं. परतताना निपाणी मागं पडली, तवंदी घाट उतरलो आणि संकेश्वरच्या अलीकडं गाडी डावीकडं ओढायला लागली. उतरून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकात हवा निम्मीच. टायरच्या खोबणीत एक खिळा रुतलेला, डोकं चकाकत होतं. ते चकाकणारं डोकं लक्षात ठेवा, पुढं त्याचंच काम आहे.

डिकीतली स्टेपनी काढली तर ती अंगठ्यानं दाबली जात होती. दोन वर्षं तिच्यात हवाच भरली नव्हती. ही चूक माझी. नाहीतर जॅक आणि पाना होता, वीस मिनिटांत चाक बदललं असतं. सात वाजून गेलेले, बाजूनं ट्रक सुसाट चाललेले, आई आत गप्प बसलेली. सर्व्हिस रोडला झाडाला टायर टांगलेलं एक दुकान दिसलं तेव्हा खरंच हायसं वाटलं.

माणूस गोड बोलणारा. "बसा की हो साहेब, मावशींना चहा सांगतो." त्यानं चाक खोललं आणि दुकानामागं पाण्याच्या टाकीकडं नेलं. मी आईला आधार देऊन बाकड्यावर बसवलं, चहा घेतला. पाच-सात मिनिटं गेली असतील. तेवढ्यात हाक आली, "साहेब, एक नव्हे, चार पंक्चर आहेत!"

जाऊन बघितलं तर साबणाच्या पाण्याला खरोखर चार जागी बुडबुडे. डोळ्यांनी दिसतंय म्हटल्यावर वाद काय घालणार? खिळे कुठं आहेत विचारलं, तर त्यानं तळहातावर चार खिळे ठेवले. साधी दोरी, म्हणजे भोकात बाहेरून कोंबायची रबरी पट्टी, टिकणार नाही, आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखं रबरी ठिगळ, मारायला पाहिजे, एकाचे ३५०. नको असेल तर जुना टायर २,५०० ला देतो म्हणाला. पॅचचे १,४०० आणि खोलण्या-बसवण्याचे २०० असे १,६०० रुपये दिले. स्कॅनर बंद होता, म्हणून रोख.

रात्री घरी आल्यावर ते खिळे दिव्याखाली धरले आणि पोटात गोळा आला. रस्त्यावर घासून एकाचंच डोकं गुळगुळीत झालेलं. बाकीचे तीन डोक्यापर्यंत गंजलेले. टायरमध्ये रुतून चाललेल्या खिळ्याच्या डोक्यावर गंज राहील कसा?

दुसऱ्या दिवशी बेळगावातल्या शहापुरात आमच्या नेहमीच्या टायरवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी टायर रिमवरून उतरवला. आत एकही मशरूम पॅच नव्हता! तो पॅच आतूनच बसतो, त्यासाठी टायर उतरवावाच लागतो. चारही भोकांत बाहेरून दोरी कोंबलेली, ज्याचे काका शंभर-दीडशे घेतात. तीन भोकं ताजी, सरळ, एकाच मापाची, म्हणजे टोच्यानं पाडलेली. साबणाचा ब्रश फिरवताना टोच्या मुठीत लपवायचा आणि चाक फिरवत दाबायचा, हा जुना धंदा आहे म्हणे. त्यातलं एक भोक टायरच्या बाजूच्या भिंतीला होतं. तिथली दुरुस्ती टिकत नाही, वेगात टायर फुटू शकतो. तसाच टायर घेऊन मी आईला वंटमुरी घाटातून घरी आणलं होतं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण या गोष्टीचा राग अजून जात नाही. टायर टाकून नवा घ्यावा लागला.

म्हणून सांगतो, चाक नजरेआड जाऊ देऊ नका. आधी स्वतः बघून खिळ्याच्या जागी खडूनं खूण करा, साबणपाणी आपल्यासमोर लावायला सांगा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर रस्त्यात उपसू नका. पुष्कळदा त्याच्यामुळंच हवा सावकाश जाते आणि हवा भरून हळूहळू ओळखीच्या दुकानापर्यंत पोचता येतं. मी आता बाराशेचा छोटा पंप गाडीत ठेवलाय. पॅचचे पैसे मागितले तर टायर उतरवून आतून दाखवायला लावा. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा तपासा. चाक स्वतः बदलताना हँडब्रेक लावून दुसऱ्या चाकाला दगड लावा आणि जॅक चढवण्याआधीच नट सैल करा, नाहीतर चाक हवेत नुसतं फिरत राहतं. रस्त्याकडेची जागा धोक्याची वाटली तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे. मला त्या वेळी आठवला नाही.

आठवड्यानं तक्रार द्यायला गेलो. पावती आहे का? नाही. दुकानाचा फोटो? नाही. पैसे रोख दिलेले. टेबलावर ठेवायला माझ्याकडं तेवढे चार खिळेच होते. ते मी जपून ठेवलेत. त्या पट्ट्यात आणखी कुणाला असंच झालं असेल आणि तुमच्याकडं पावती किंवा फोटो असेल, तर मला कळवा, तुमच्याबरोबर मी परत येतो.