अहमदाबादचा हेरिटेज वॉक आणि त्याभोवती आखलेली कुटुंबाची सहल

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना घेऊन एखाद्या शहरात दोन-तीन दिवस घालवायचे असतील, तर महाराष्ट्रातून सहज गाठता येणाऱ्या शहरांमध्ये मी अहमदाबादचे नाव सर्वांत आधी सुचवेन. त्याचे मुख्य कारण म्हणजे तेथील महानगरपालिकेच्या वतीने रोज सकाळी होणारा हेरिटेज वॉक. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी सुरू झालेला हा उपक्रम कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि जुन्या शहराच्या पोळांमधून सुमारे अडीच तास चालून जामा मशिदीपाशी थांबतो. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला आणि असा दर्जा मिळवणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. त्याआधी वीस वर्षांपासून ही पदयात्रा चालू आहे, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

या वयाच्या मुलांचा नेहमीच्या स्थलदर्शनात जीव रमत नाही, याचे कारण ती गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि पुन्हा गाडीत बसतात. समोरची वस्तू अशीच का बांधली, हे त्यांना कोणी सांगत नाही. हेरिटेज वॉकमध्ये हेच सांगितले जाते. पोळ म्हणजे एका जातीच्या, व्यवसायाच्या किंवा पंथाच्या कुटुंबांची, स्वतःचे प्रवेशद्वार असलेली वस्ती. गल्ल्या अरुंद ठेवल्या, कारण दोन्ही बाजूंच्या घरांची सावली दुपारपर्यंत जमिनीवर राहावी. घराच्या मधोमध उघडा चौक ठेवला, कारण तापलेली हवा वर निघून जावी आणि आतल्या खोल्यांना उजेड मिळावा. त्या चौकाच्या फरशीखाली टांके असते: पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी नळीने त्यात उतरवायचे, पहिल्या पावसाचे पाणी मात्र वाहून जाऊ द्यायचे, आणि नंतर साठवलेले पाणी अंधारात, बंदिस्त ठेवून वर्षभर पिण्यासाठी वापरायचे. पर्यावरणाच्या पुस्तकात जलसंधारणाचा धडा पाठ केलेल्या मुलाला टांक्याचे झाकण प्रत्यक्ष दाखवले की तो आपणहून प्रश्न विचारू लागतो, आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न ऐकताच सहलीचे निम्मे काम झाले असे मी मानते.

वाटेत चबुतरे लागतात, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी उंच खांबावर उभारलेले नक्षीदार मनोरे. लांबेश्वरच्या पोळीपाशी कवी दलपतराम यांचा ब्राँझचा पुतळा त्यांच्या घराच्या जागी माणसाच्या उंचीवरच बसवलेला आहे. मुले त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात, आणि त्यांनी तसे बसावे याच हेतूने तो तेथे ठेवला असावा असे वाटते. हाजा पटेलच्या पोळीत काळ्या रामाचे मंदिर आहे, पुढे वह्या-पुस्तकांचा बाजार आहे, आणि माणेकचौकाच्या परिसरात शहर वसवणाऱ्या अहमदशहाच्या राण्यांच्या कबरींभोवती कपड्यांची व दागिन्यांची दुकाने वर्षानुवर्षे वसलेली आहेत. शेवटी १४२४ मध्ये पूर्ण झालेल्या जामा मशिदीचे विस्तीर्ण प्रांगण समोर येते. अरुंद गल्ल्यांमधून आल्यावर त्या मोकळेपणाचा परिणाम फार मोठा होतो, म्हणून मार्ग उलट दिशेने चालू नये. आतल्या प्रार्थनागृहात २६० खांब आहेत. धाकट्याला ते मोजायला लावू नका, त्याला फक्त एका रांगेच्या टोकाशी उभे राहून सरळ पाहायला सांगा.

काही गोष्टींची तयारी मात्र हवी. नोंदणी आधी करावी आणि त्याच वेळी सुरुवातीची वेळ, शुल्क आणि निवेदनाची भाषा विचारून घ्यावी. गल्ल्यांतून दुचाक्या सतत जात असतात, त्यामुळे गटाच्या मागे राहणाऱ्यांना निवेदन नीट ऐकू येत नाही. मुलांना मार्गदर्शकाच्या अगदी जवळ चालू द्यावे आणि आपण मागे राहावे. पादत्राणे अनेकदा काढावी लागतात, म्हणून लेस बांधायचे बूट टाळावेत व पायमोजे सोबत ठेवावेत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सर्वांनीच घालावेत, आणि हे घरूनच सांगून ठेवावे; मंदिराच्या किंवा मशिदीच्या दारात किशोरवयीन मुलीला अडवले गेले, तर तिचा उरलेला सगळा दिवस त्याच विचारात जातो.

फेरी संपते तेव्हा साडेदहाचा सुमार असतो. जवळपास फाफडा, जिलेबी, कढी आणि कच्च्या पपईचा संभारो असा नाश्ता मिळतो, आणि त्यानंतर दुपार पूर्ण मोकळी ठेवावी असा माझा आग्रह आहे. आपण पालक पैसे वसूल होण्याच्या विचाराने दुपारीही दोन ठिकाणे कोंबतो. या वयाच्या मुलांना झोप लागते, स्वतःची खोली लागते आणि मित्रांशी बोलायला वेळ लागतो. तो दिला तर ती रात्री अकरालाही आनंदाने बरोबर येतात. आणि अहमदाबादची रात्र पाहिली नाही तर शहर अर्धेच पाहिले असे होईल.

संध्याकाळची सुरुवात लाल दरवाजाजवळच्या सिदी सय्यद मशिदीपासून करावी. १५७३ मधील या लहानशा मशिदीच्या मागच्या भिंतीत दगडात कोरलेल्या जाळ्या आहेत. एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांच्या झाडाची जाळी जगप्रसिद्ध असून आयआयएम अहमदाबादचे बोधचिन्ह तिच्यावरूनच घेतले आहे. ही मशीद उभारणारा सिदी सय्यद हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचा होता. जंजिऱ्याचा सिद्दी आणि मलिक अंबर ही नावे आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतात, त्यामुळे पश्चिम भारतातल्या हबशी सरदारांची ही दुसरी ओळख त्यांना चटकन कळते. तेथून जवळच लकी रेस्टॉरंट आहे. एका जुन्या कबरस्तानाच्या जागेवर ते उभे आहे आणि आतल्या कबरी तशाच ठेवून त्यांच्याभोवती टेबले मांडलेली आहेत. कबरींवर रोज फुले वाहिली जातात, शेजारी चहा आणि मस्काबन चालू असतो, आणि भिंतीवर मकबूल फिदा हुसेन यांनी भेट दिलेले चित्र आहे. येथे मुलांना आधी काही सांगू नये, त्यांना स्वतः पाहू द्यावे.

भद्रचा किल्लाही याच टापूत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदाबादचा कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात विभागलेला होता. पेशव्यांचा अंमल भद्रातून चाले आणि गायकवाडांची हवेली जुन्या शहराच्या दुसऱ्या भागात होती. १८१७ मध्ये इंग्रजांचा ताबा येईपर्यंत ही व्यवस्था राहिली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांची कर्मभूमीही हेच शहर. मराठी कुटुंबाने भद्रात या गोष्टींसाठी अर्धा तास अवश्य द्यावा.

रात्री नऊनंतर माणेकचौक. दिवसा सराफांचा असलेला हा चौक रात्री दुकाने मिटल्यावर खाण्याच्या गाड्यांनी भरून जातो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत जागा असतो. चॉकलेट आणि चीज घातलेली सँडविच, घुघरा सँडविच, लोण्यात परतलेला गोटाळा डोसा, पावभाजी, कुल्फी: यातल्या निम्म्या गोष्टी मला स्वतःला जड वाटतात, आणि खवय्येगिरीच्या दृष्टीने जुन्या गुजराती थाळीची सर त्यांना येत नाही. पण हे ठिकाण मुलांचे आहे. प्रत्येकाच्या हातात ठरावीक रक्कम द्यावी, काय घ्यायचे ते त्याचे त्याला ठरवू द्यावे आणि सर्वांनी मिळून थोडे थोडे खावे. गाड्यांचे मदतनीस आपापल्या टेबलाकडे जोरजोरात बोलावतात; त्यांना न जुमानता आधी चौकाला एक पूर्ण फेरी मारली, की निवड शांतपणे करता येते. चौकात सगळे शाकाहारीच मिळते, याची सामिष खाणाऱ्या मुलांना आधी कल्पना द्यावी.

दुसरी सकाळ साबरमती आश्रमासाठी राखावी. गांधीजी १९१७ मध्ये येथे राहायला आले आणि १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह दांडीला निघाले ते याच आवारातून. हृदयकुंज, म्हणजे गांधीजींचे राहते घर, तर सगळेच पाहतात. आपण शेजारच्या विनोबा-मीरा कुटीपाशीही थांबावे, कारण रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा एक तरुण येथे किती लहानशा खोलीत राहत होता, हे आपल्या मुलांनी पाहण्यासारखे आहे. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी आश्रमाला संगीत दिले, आश्रम भजनावली संकलित केली आणि दांडीयात्रेतही ते चालले; मराठी घरांत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, याची मला खंत वाटते. संग्रहालयाची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९६३ मधली. सहा मीटर लांब-रुंद असे साधे चौकोन, विटांचे खांब, कौलारू छत, काचेऐवजी लाकडी झडपा आणि मध्ये पाण्याचे कुंड. वास्तुरचनेकडे जाण्याचा विचार करणाऱ्या मुलाला येथे एक तास शांत बसू द्यावे. आश्रमाच्या परिसरात पुनर्विकासाचे काम हाती घेतलेले आहे, तेव्हा कोणता भाग खुला आहे ते निघण्याआधी पाहून घ्यावे.

शाहीबागेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय १९४९ मध्ये गौतम आणि गिरा साराभाई यांनी स्थापन केले. भारतीय वस्त्रांचा असा संग्रह दुसरीकडे पाहायला मिळणे कठीण, आणि तरीही मी ते प्रत्येक कुटुंबाला सुचवणार नाही. तेथे आधी नोंदणी करून मार्गदर्शित गटातूनच जावे लागते, जागा मर्यादित असतात, छायाचित्रे काढता येत नाहीत आणि गटाच्या गतीने बराच वेळ उभे राहावे लागते. मुलीला किंवा मुलाला कापड, रंगाई, डिझाइन यांची खरी ओढ असेल तर हे संग्रहालय सहलीचा कळस ठरेल. नसेल तर आई-वडिलांपैकी एकाने ज्याला आवड आहे त्याला घेऊन जावे आणि दुसऱ्याने उरलेल्यांबरोबर सायन्स सिटीत जावे. २०२१ मध्ये तेथे मत्स्यालय आणि रोबोटिक्सचे दालन सुरू झाले असून माशांच्या खालून चालत जाण्याचा काचेचा बोगदा धाकट्यांना आवडतो. असे दोन गट करण्यात काहीही गैर नाही. संध्याकाळी साबरमतीवरच्या अटल पुलावर सगळे पुन्हा भेटू शकतात. पतंगाची कल्पना घेऊन बांधलेला हा पूल केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे.

परतीच्या दिवशी सकाळी अडालजची वाव पाहावी. शहराच्या उत्तरेस सुमारे अठरा किलोमीटरवरची, १४९९ मध्ये राणी रुडाबाईने पूर्ण करवून घेतलेली ही पाच मजली खोल विहीर आहे. पायऱ्यांच्या तीन वाटा पहिल्या मजल्यावर एकत्र येतात, आणि खाली उतरताना हवा थंड होत जाते ती अंगाला जाणवते. उशिरा गेल्यास गर्दी फार वाढते.

प्रवासाचे सांगायचे तर मुंबईहून वंदे भारतने साडेपाच तासांच्या आसपास लागतात, आणि पुण्याहून व नागपूरहूनही थेट गाड्या आहेत. गाडी अहमदाबाद जंक्शन, साबरमती की मणिनगर यांपैकी कोठे थांबते ते तिकीट काढतानाच पाहावे. मुक्कामासाठी मी नदीच्या पश्चिमेकडचा, जुन्या हायकोर्ट मेट्रो स्थानकाजवळचा भाग पसंत करते, कारण तेथून मेट्रोने नदी ओलांडून घीकांटा आणि कालुपूर ही जुन्या शहरातली स्थानके काही मिनिटांत गाठता येतात आणि रात्री परतल्यावर परिसर शांत असतो. ज्यांना खर्च परवडेल त्यांनी सिदी सय्यद मशिदीसमोरच्या, १९२४ च्या हवेलीतल्या हाउस ऑफ एमजी या हॉटेलचा जरूर विचार करावा. कोठेही उतरलात तरी चौघांसाठी एक खोली आणि जादा गादी घेऊ नका. मागे एका हॉटेलात ‘फॅमिली रूम’ म्हणून आम्हाला मिळालेल्या खोलीत सोळा वर्षांच्या मुलाला दाराजवळ जमिनीवर झोपावे लागले, आणि त्याची नाराजी रास्त होती. शेजारच्या दोन लहान खोल्या घेतल्या तर खर्चात थोडीच वाढ होते.

काळ निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपलीकडे असतो, आणि त्या उन्हात अडीच तासांची पायपीट मुलांवर लादू नये. दिवाळीची सुटी सोयीची वाटते, पण गुजराती नववर्षापासून लाभपंचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) शहरातली बहुतेक दुकाने आणि बरीच खाण्याची ठिकाणे बंद असतात, त्यामुळे त्या दिवसांत जुने शहर ओस दिसते. लाभपंचमीनंतरचा कोणताही शनिवार-रविवार किंवा नाताळची सुटी उत्तम. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला पतंगांसाठी जायचे ठरवले, तर खोल्या आणि रेल्वेची तिकिटे दोन महिने आधी काढावी लागतात.