टर्बो गाडी: उभ्या उभ्या चालू ठेवायची की हळू चालवायची?

भुसावळच्या भाच्याने टर्बो डिझेल घेतली, आता विचारतोय मामा सकाळी पाच मिनिटं गाडी चालू ठेवून उभं राहू की लगेच निघू, आणि पोचल्यावर बंद करताना पण तेच.

सकाळचं सोपंय. उभ्या गाडीत इंजिनवर लोड नसतो त्यामुळे ऑइल लय हळू तापतं, डिझेल फुकट जातं, आणि बीएस६ गाडीत डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, काजळी धरते ती वेगळीच. धुळ्याच्या थंडीत पण अर्धा मिनिट थांबा आणि निघा, फक्त पहिले काही किलोमीटर दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आत. तापमानाचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही हां, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आधी तापतं.

बंद करताना मामला वेगळा. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, तो लाखाच्या वर आरपीएमने फिरतो. चाळीसगावहून कन्नड घाट दाबून चढलात आणि वर चहाला थांबून लगेच चावी फिरवली की ऑइलचा पुरवठा बंद, तापलेल्या बेअरिंगपाशी अडकलेलं ऑइल जळतं, पातेल्याच्या बुडाला दूध करपून चिकटतं तसं. इथे मिनिट-दोन मिनिटं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू, द्याच. बऱ्याच टर्बो पेट्रोलमध्ये बंद केल्यावरही पंप कूलंट फिरवतो, तरी घाटानंतर द्या, जातंय काय.

पण शेवटचे दोन किलोमीटर गावातून हळू आलात तर टर्बो आपोआप थंड होतो, मग दारात घुर्रघुर्र कशाला भाऊ?

म्हणजे जळगाव-भुसावळ रोजचं जाणं-येणं असेल तर हळू चालवणं पुरे. घाट चढून किंवा हायवेवरून थेट ढाब्यावर थांबणाऱ्यांनी मात्र आयडलिंग करूनच चावी काढावी.